लग्नाला ताजा पाव

"युसूफभाई, हा ब्रेड गरम आहे!" मी फोनवर ओरडलो.

"गरम ही तो भेजा है," बेकरीवाल्या युसूफभाईंचं अभिमानी उत्तर आलं. "शादी का माल है. कल का पाव भेजूँ? लोग क्या कहेंगे?"

मी मटकन स्टुलावर बसलो.

मोबाइलवर इनकमिंग नुकतंच फ्री झालं होतं, तेव्हाची गोष्ट. नवघरला माझं छोटं केटरिंग किचन होतं. जिथे आज टॉवर आहेत, तिथे खिडकीतून मिठागरं दिसायची. ऑर्डर होती उत्तनजवळच्या तारोडी गावच्या फिलोमिना आंटींची. मुलीच्या त्याच संध्याकाळच्या लग्नाला तिरंगी सँडविच: हिरवी चटणी, पांढरं लोणी, लाल बीट. तीन थर, कडा कापलेल्या, तिकोनी तुकडे. गोऱ्या साहेबांच्या चहाबरोबरचं हे सँडविच उत्तनच्या पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरांनी कधीच आपलं केलंय, चटणी लावून तिखटही केलंय. ते फसलं तर पाहुणे नवरीला सोडून त्याचीच चर्चा करतात. जमलं, तर त्या हंगामातली अख्ख्या पट्ट्यातली लग्नं माझी. नाहीतर पुन्हा वाढदिवसांचे समोसे.

आता सँडविचला ब्रेड लागतो आदल्या दिवशीचा. ताजा आतून ओलसर असतो. सुरी लावली की दबतो, लोणी लावलं की फाटतो. युसूफभाईंच्या स्लाइस कापायच्या मशीनमध्येही तो फाटला, म्हणून त्यांनी अख्खेच लोफ पाठवले. तेही मोठ्या मनाने!

"अहो, नाटक संपलं असेल तर पंखा लावा," बायको, सुनंदा, म्हणाली.

ब्रेड निवला. हाताने कापला. एक स्लाइस जाड, एक पातळ, एकीला पोट सुटलेलं. तीन थर रचले, तर मनोरा कलला. सुनंदाने वैतागून एका स्लाइसवर लाटणं फिरवलं. स्लाइस पोळीसारखी सपाट झाली आणि तुटली नाही! कालची असती तर तडकली असती.

"गुंडाळ!" मी स्टेजवर आल्यासारखा गरजलो.

कडा काढल्या, लाटल्या, तिन्ही रंगांचे पट्टे लावले. गुंडाळ्या ओल्या फडक्यात घट्ट बांधून फ्रिजमध्ये ठेवल्या आणि मग कापल्या. तिरंगी चक्रं!

मांडवात आंटींनी ट्रेवरचं झाकण उचललं.

"ये काय हाय? मी तिकोनी सांगितलेली."

"स्पेशल रोल, आंटी. खास तुमच्यासाठी."

"खोटं नको बोलू. पाव ताजा आला ना?"

मी ट्रे पुढे सरकवला. त्यांनी एक चक्र तोंडात टाकलं. मग दुसरं.

"तिकोनी न्हाय," त्या म्हणाल्या, "पन कोरडी बी न्हाय. वाढ."

ट्रे रिकामे झाले. त्या हंगामात पट्ट्यातून फोन यायचे, "फिलोमिनाकडची गोल पाहिजेत." काय दिवस होते ते! फडकी वाळत घालायला गच्ची पुरायची नाही.

नव्या केटररना मी एवढंच सांगतो: मेनू गिऱ्हाईकाला विचारून ठरवा, पण आकार आधी ब्रेडला विचारा.