थोरल्याची बाजू

शुभवर्तमान वाचून कुणाचं मन पालटतं, कुणाची दारू सुटते, कुणी नुसतेच डोळे पुसून पुस्तक मिटतो. पण ते वाचून थेट बांधावरचं भांडण उकरून काढणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच झाला असेल, आणि माझं नशीब असं थोर की तोच माझा घरमालक होता. भोसरीत कारखाने नुकते उठत होते तेव्हाची गोष्ट. मी नगरकडचा, पिढीजात ख्रिस्ती. एका वर्कशॉपात टर्नर म्हणून लागलो आणि मालकांची एक पत्र्याची खोली भाड्याने घेतली. मालकांची सगळी जमीन औद्योगिक वसाहतीत गेलेली. पहाटे उठायची सवय तेवढी राहिली होती, जायला शेत नव्हतं. मग ते भाडेकरूंच्या खोल्यांत जायचे. पत्रा गळतोय का बघायच्या निमित्ताने आत शिरायचे, मीठ-मिरचीच्या डब्यांपर्यंत सगळं तपासायचे आणि प्रत्येकात खोट काढायचे. असंच एकदा फळीवरचं माझं शुभवर्तमान त्यांच्या हाती लागलं. "ह्ये काय वाचता वो?" म्हणत त्यांनी ते उघडलं आणि माझ्या सुखाला दृष्ट लागली.

त्यांचं वाचन म्हणजे बोट ओळीवर आणि आवाज वेशीपर्यंत. पहिली ठिणगी पडली ती पेरणाऱ्याच्या दाखल्यावर. येशूने लोकांना शिकवायला सांगितलेली ही गोष्ट. पेरणारा बी फेकत जातो, काही वाटेवर पडतं, काही खडकावर, काही काट्यांत. बी म्हणजे देवाचं वचन, हे मी सांगणार तोच मालक कडाडले, "वाटंवर बी टाकतो? गड्याला पेरायला पाभर न्हाई मिळाली व्हय? आमी आसं पेरलं आसतं तर बापानं चाबकानं फोडला आसता!"

मी म्हटलं, "मालक, त्याचा अर्थ वेगळा आहे."

"अर्थाचं मागनं बगू. आदी बी वाया ग्येलं त्याचं बोला."

मग अंजिराचं झाड आलं. भुकेल्या येशूला त्यावर फळ मिळालं नाही म्हणून त्याने झाडाला शाप दिला, आणि तिथेच स्वच्छ लिहिलंय की तो अंजिरांचा हंगाम नव्हता. मालक आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, जणू झाड मीच वाळवलं होतं. हरवलेल्या एका मेंढरामागे नव्व्याण्णव रानात सोडून जाणाऱ्या धनगराला तर त्यांनी गावात उभा केला नसता. "त्या बाकीच्यांपाशी कोण, लांडगा?" असं ते मला विचारत. मला! मी टर्नर माणूस, जन्मात कधी मेंढरू वळलं नाही. पुढे येशू ज्यांच्या घरी पाहुणा जातो त्या दोघी बहिणींची गोष्ट निघाली. एक पाहुण्यांसाठी चुलीपाशी खपते, दुसरी त्यांच्या पायाशी ऐकत बसते, आणि कौतुक होतं ते बसलेलीचं. मालकीणबाई दारात तांदूळ निवडत ऐकत होत्या. त्या दिवशी दुपारचा चहा झाला नाही, आणि त्याचाही जाब मालकांनी मलाच विचारला.

मला काय कमी संताप यायचा? आमच्या वर्कशॉपची सुट्टी गुरुवारी. रविवारची उपासना मिळायची ती सेकंड शिफ्ट असेल तेव्हाच. तेवढ्यासाठी बसचे धक्के खात चर्चला जावं, पाळकांनी पेरणाऱ्यावर बोलायला लागावं आणि माझ्या डोळ्यांपुढे पाभर यावी! पण पुस्तक परत द्या म्हटलं तर म्हणायचे, "आजून लई हाय त्यात."

आणि मग तो उधळ्या मुलाचा दाखला आला. धाकटा मुलगा बापाकडून आपला वाटा मागून घेतो, परदेशी उधळतो, भिकेला लागून परततो, आणि बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो, मेजवानी घालतो. शेतातून परतलेला थोरला ते ऐकून रुसतो आणि घरात पाऊल टाकत नाही. मालकांनी हे मनातल्या मनात वाचलं, तेव्हाच मी सावरून बसायला हवं होतं. कारण त्यांनाही धाकटा भाऊ होता. जमिनीचे पैसे आले तसा आपला वाटा घेऊन ट्रक घ्यायला म्हणून गेला तो गेलाच. म्हाताऱ्या वडिलांनी दाराकडे बघत प्राण सोडला. हा मातीलाही आला नाही.

"थोरला रानात राबतोय आन घरात बाजा वाजतोय!" मालक ओरडले. "त्येला सांगावा बी न्हाई धाडला कुणी!"

"पण बाप नंतर बाहेर येतो ना," मी म्हटलं, "थोरल्याची समजूत घालतो."

"मग? त्यो आत ग्येला का?"

"ते लिहिलेलं नाही."

"न्हाई कसं? थोरल्याचं आलं की मधीच सोडायचं?"

आजवर मी देवाची बाजू घेऊन भांडलो होतो. या वेळी मात्र थोरल्यासाठी मलाही राग आला.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका रविवारी मी उपासनेहून परतलो तर समोरच्या सायकलच्या दुकानापाशी धाकटा उभा. दाढी वाढलेली, अंगावर मळका सदरा. पुढे यायचा त्याला धीर होत नव्हता. मालक ओट्यावर बसले होते.

"बगितलं? आला," ते म्हणाले. "आता थोरल्यानं काय करायचं सांगा. बाहीर येऊन समजूत घालायला मी बाप कुठनं आणू?"

ते तटकन उठले, रस्ता ओलांडला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा शिव्या देत धाकट्याला मनगट धरून ओढत आणलं. "बापाला त्वांड दावायला न्हाई आलास, आन आता आलास व्हय रं?" असं म्हणून त्याला घरात लोटलं आणि स्वतः पुन्हा ओट्यावर येऊन बसले. आतून मालकीणबाईंनी हाक मारली, "आवो, तुमी बी या की जेवायला." ते हलले नाहीत. मीही म्हटलं, "मालक, चला आत."

"तुमी न्हवं," ते म्हणाले. "ज्येनं म्हणायचं त्यो ग्येला."

माझी शिफ्टची वेळ झाली होती. निघालो तेव्हाही ते तसेच बसले होते, पाठ दाराकडे आणि कान आत. कोपऱ्यावर पोचलो तर मागून त्यांचा आवाज आला. तसाच रागाचा, पण मधेच फाटलेला. "आगं, कालवण वाढ त्येला आणिक. त्यो मागायचा न्हाई, लाजंल!"