वेढ्यातले पाहुणे

माझ्या मुलीला गणित येतं, हे घरात मला एकटीलाच माहीत होतं. सातवीत आली, तरी उत्तर बरोबर लिहूनही कुणी नुसतं ‘नक्की का?’ म्हटलं की खोडरबर उचलायची. मोबाईलवरच्या गणिताच्या खेळाने तर कहरच केला. तिथे कोपऱ्यात घड्याळ पळायचं, ते बघूनच तिच्या हाताला घाम यायचा. आपल्याला जमत नाही, असं तिने मनाशी धरलं होतं. मला त्याचीच धास्ती होती. एकदा असं मनात बसलं की कितीही शिकवण्या लावा, निघत नाही.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी शाहूपुरीतल्या दुकानातून एक पटावरचा खेळ आणला. एकाने किल्ला राखायचा, दुसऱ्याने वेढा घालायचा. माणसांचा आणि धान्याचा हिशेब दोघांनीही ठेवायचा. खोक्यावर किल्ल्याचं नाव नव्हतं. पण बावड्यातल्या आमच्या घरात तो पन्हाळाच, यावर खोकं उघडण्याआधीच एकमत झालं. आणि तिथेच घोडं अडलं. शत्रू व्हायला कुणी तयार होईना! ना दीर, ना जाऊ. सासरे तर केव्हाच किल्ल्यात जाऊन बसले होते. शेवटी वेढ्याच्या सोंगट्या गुमान उचलल्या त्या माझ्या मुलीने.

सासऱ्यांची सगळी हयात शेतीत गेलेली. बांधावरून हाक मारली तर शिवारभर ऐकू जावी, असा आवाज. त्यांच्याशी वाद घालायची घरात कुणाची टाप नाही. खेळात मधूनमधून एक पत्ता यायचा: पायथ्याच्या गावातली माणसं आसऱ्याला आली आहेत, आत घ्यायची की नाही? सासरे दर वेळी दरवाजा उघडायचे.

“दारात आल्यात म्हंजे पावणंच की ती! उपाशी परत लावून द्यायची व्हय?”

आम्ही हसत होतो, पण मला त्यांचं फार कौतुक वाटलं. पुठ्ठ्याच्या किल्ल्यातसुद्धा या माणसाला कुणाला दारातून परत पाठवणं जमत नव्हतं.

थोड्या वेळाने मिशीवर हात फिरवत त्यांनी जाहीर केलं, “अजून आठवडाभर धान्य हाय. बसा वेढा घालून!”

“न्हाय आबा,” मुलगी म्हणाली. “दोन दिवसांत संपतंय. तुम्ही नुसतं शिपायांचं धरलंय. पावण्यांचं धरलंच न्हाईसा.”

“नक्की?” सासरे गरजले.

आता ही खोडरबर शोधणार, या धास्तीने मी तिच्याकडे बघितलं. “व्हय. बघा की,” ती म्हणाली आणि एकेक पोतं सरकवत तिने त्यांना भागाकार करून दाखवला. हरणं सासऱ्यांना ठाऊकच नाही. आता पट उधळतात की काय, असं मला वाटलं.

त्यांनी चटईवर सरकून शेजारी जागा केली. “मग हिकडं ये. पावणं तर भाईर काढायचं न्हाईत. कसं पुरवायचं, ते तू सांग.”

वेढा तसाच सोडून ती त्यांच्याजवळ जाऊन बसली.

“सगळ्यांनी एक वेळच जेवायचं, आबा. मग चार दिवस निघत्यात!”

आमच्या पोरीचा आवाज एवढा मोठा आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.