एक्केचाळिसावं झाड

इंग्रजांना थंड हवा मानवली म्हणून जिल्ह्याचं ठाणं डोंगरावर आलं, हा बुलढाण्याचा मोठा इतिहास. आम्हा कारकुनांच्या घरांची चैन एकच होती. कार्तिकात राजूर घाटातल्या आवळ्याची पूजा करून त्याच्या सावलीत जेवायचं.

घाटातल्या त्या एका मैलाची देखभाल जानराव करी. मैलकुली म्हणत त्याला. खड्डे बुजवायचे, सरकारी झाडांना गेरू-चुन्याचा पट्टा मारून नंबर घालायचा. अशी झाडं चाळीस. आवळा रस्त्यापासून दूर, कोणाच्याच वहीत नव्हता, म्हणून मोळीवाले त्याच्यावर खुशाल कुऱ्हाड चालवत. जानरावला बघवेना. त्यानं गुपचूप त्यालाही पट्टा मारला आणि ४१ घातला. सरकारी म्हटल्यावर मोळीवाले त्याच्या वाटेलाही जाईनात. झाड राखलं म्हणून दर कार्तिकात माझी आई, सरस्वतीबाई, जानरावला पहिलं पान वाढायची.

महाराष्ट्र झाल्यावर चार वर्षांनी घाट रुंद करायचं ठरलं. ओव्हरसिअरनं पट्टे मोजून तोडायच्या झाडांची यादी केली. तिची नक्कल मी केली, मी त्याच कचेरीत होतो. एक्केचाळीस लिहिताना माझा हात अडखळला नाही, याची मला अजून लाज वाटते.

लिलाव झाल्यावर जानराव धापा टाकत कचेरीत आला.

"सायेब, थे झाड सरकारी नाही. पट्टा म्या मारला. रस्त्यात येऊनच नाही राह्यलं थे."

"खोटा नंबर घातलास? नोकरी नको झाली काय?" ओव्हरसिअर म्हणाला. "ठेकेदारानं एक्केचाळीस घेतलीत."

जानराव माझ्याकडे वळला. "भाऊ, तुमी तरी एक कागद लिवा ना."

मी लिहिला. तो टेबलावर पडून राहिला. जानरावनं मग खुरप्यानं पट्टा खरवडून काढला; घरी मी आईला तेवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी ओव्हरसिअरनं त्याच्याच हातात चुन्याचा डबा दिला आणि समोर उभं राहून आकडा पुन्हा घालून घेतला.

कार्तिकात आम्ही डबे घेऊन गेलो, तेव्हा आवळा आडवा पडला होता. जानराव बुंध्याशी बसला होता. आईनं हळदीकुंकवाचं ताट खाली ठेवलं. खोडावरचा आकडा अजून पांढराशुभ्र होता.

"खरवडलेला नंबर कोणत्या मेल्यानं पुन्हा घातला?" ती कडाडली.

जानराव उठून उभा राहिला.

"म्याच घातला, माय."

मी डबे उचलले. यादी कोणी लिहिली, ते आईनं विचारलं नाही.