रिकामी टीप

कॅम्प तीन या आमच्या वस्तीत माझ्या धंद्यासाठी जीन्स शिवणारा एक कारागीर होता. त्याच्या मशीनवर कुठल्याच देवाचा फोटो नव्हता. रोज सकाळी तो सुईत दोरा न ओवता एका चिंधीवर सावकाश टीप मारायचा.

"ही कोणाची पूजा?"

"कोणाची नाय, शेठ. मन जागेवर येतं."

देणगीदारांची नावं कोरलेल्या फरशीवरून मंदिराच्या कमिटीने माझं नाव गाळलं, त्या दिवशी मी त्याच्यावरच भडकलो. "शिलाईचा भाव कमी कर, नाहीतर काम बंद."

तो उठला. मला स्टुलावर बसवून म्हणाला, "आधी एक रिकामी टीप मारा."

मशीन घुमत राहिलं. मग मी चिंधी उजेडात धरली. भोकाभोकातून ऊन झिरपत होतं.

कमिटीवरचा राग आजही आहे. त्या दिवशी भाव पाडायचं मात्र मी विसरलो.