गालातली हवा

माझ्या वडिलांना एका पांढऱ्या प्लॅस्टिकच्या नळीत फुंकायला लावलं, आणि हॉलमधल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. नळीवरचा लाल काटा शेवटच्या आकड्याजवळ जाऊन थांबला होता. "काय दम आहे म्हाताऱ्याचा!" कुणीतरी म्हणालं. फोटोग्राफरचा फ्लॅश उडाला नव्हता. म्हणून अध्यक्षांनी वडिलांच्या पाठीवर थाप मारली. "परत एकदा, सनईवाले. इकडे बघून."

वडिलांनी इकडे बघून परत फुंकलं. परत टाळ्या.

टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. गंगापूर रोडवरचं मंगल कार्यालय. दारावर कापडी फलक: 'कलावंतांसाठी मोफत आरोग्य तपासणी शिबिर'. 'मोफत' हा शब्द 'कलावंत'पेक्षा मोठा होता आणि शिबिर भरवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांचं नाव दोन्हींपेक्षा मोठं.

आबा, म्हणजे माझे वडील, सनई वाजवायचे. मी सूर धरायचो. सूर म्हणजे सनईच्या मागे एकच स्वर अखंड लावून ठेवणारी दुसरी सनई. तिला चाल नसते, तान नसते. थांबायचं नाही, एवढंच काम. एरवी मी सातपूरला एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर असायचो. लग्नसराईत रजा काढून आबांच्या मागे बसायचो. वाचनालयाची पुस्तकं आणून वाचायचो. समता, प्रतिष्ठा, आत्मसन्मान हे शब्द मला तोंडपाठ होते. त्या दिवशी त्यातला एकही तोंडातून निघाला नाही.

निमंत्रणावर दोन सूचना होत्या. सकाळी आठला उपाशीपोटी यावे. वाद्ये सोबत आणावीत. रक्त तपासायला सनई कशाला लागते, हा प्रश्न मला पडला. आबांना पडला नाही. त्यांनी सनई पुसली, तोंडाशी फुंकायची नवी पत्ती बसवली आणि ते धुतलेलं धोतर नेसले.

आत दोन टेबलं होती. एकावर कागद चिकटवला होता: 'कलाकार'. तिथं गायक, तबलजी, चित्रकार, खुर्च्या आणि पंखा. दुसऱ्यावर: 'वाजंत्री'. तिथं आम्ही, संबळवाले, हलगीवाले, बँडवाले, पेठ तालुक्यातून भोपळ्याची फुंकायची पावरी घेऊन आलेला एक पावरीवाला आणि चपलांच्या रॅकशेजारची सतरंजी. आम्हाला कुणी जात विचारली नाही. हातातलं वाद्य बघून लोकांचं काम भागतं.

कलाकारांचं रक्त नऊच्या आत घेऊन झालं. मग त्यांना उपमा मिळाला. आम्हाला दारात उभं केलं. प्रमुख पाहुणे निघालेत, सनई चालू ठेवा. ते पावणेअकरापर्यंत निघालेलेच होते. तोवर आम्ही उपाशीपोटी त्यांच्या आगमनाला वाजवत होतो.

दोनदा आबांची तान तुटली. दोन्ही वेळा, तुटलेलं झाकलं जावं म्हणून, मी सूर चढवला. मी तीन महिने हेच करत होतो. आबांना खोकला होता. रात्री अंथरुणात बसून खोकायचे, सकाळी म्हणायचे, "हवा बदलली, दुसरं काय नाय." सदरे सैल व्हायला लागले होते. आम्ही बाहेर बोललो नाही. सनईवाला खोकतो असं एकदा पसरलं, की त्याला मंडपाच्या आसपास कुणी उभं करत नाही.

पाहुणे आले, भाषणं झाली, आणि मग आमच्या टेबलावर तपासणी सुरू झाली. एक तरुण डॉक्टरीणबाई नळी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी नीट समजावून सांगितलं, "पूर्ण श्वास घ्या आणि एका झटक्यात फुंका. ज्यांचा आकडा कमी येईल त्यांना छातीच्या एक्स-रेची चिठ्ठी देऊ. एक्स-रेसुद्धा फुकट आहे."

म्हणजे इथं कमी येण्यातच फायदा होता. नापास होणाऱ्यालाच बक्षीस होतं. आबांना ते कळलं नाही. त्यांच्या हातात नळी होती आणि समोर माणसं होती. अशा वेळी काय करायचं, हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं होतं. मला ते कळलं होतं.

सनईवाला छातीतून वाजवतो असं लोकांना वाटतं. तो गालांतून वाजवतो. गालात हवा साठवायची, तिच्यावर स्वर चालू ठेवायचा आणि तेवढ्यात नाकाने श्वास घ्यायचा. आबांनी मला ते पेल्यातल्या पाण्यात नळी बुडवून शिकवलं. बुडबुडे थांबले की पाठीत धपाटा. आबांनी त्या डॉक्टरी नळीला तोंड लावलं, गाल भरले, जिभेने आतून टोला दिला. काटा वर गेला. त्यात छातीचा काही संबंध नव्हता. छाती मागे कुठंतरी दम टाकत बसली होती.

डॉक्टरीणबाईंना शंका आली. "आजोबा, गालांनी नको. छातीतून फुंका बरं."

अध्यक्ष हसले. "अहो मॅडम, तुम्ही यांना फुंकायला शिकवणार?"

सगळे हसले. बाई लाल झाल्या. मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही मुलगा ना? घरी खोकतात का हे? वजन उतरलंय का?"

अध्यक्ष माझ्याकडे बघत होते. वैशाखात त्यांच्या मुलीचं लग्न होतं आणि सनई आमची ठरली होती. आबाही माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, "छे हो मॅडम. अजून दहा लग्नं एका दमात वाजवतील."

हशा झाला. पाहुण्यांनीही मान डोलावली. विनोद जमला होता.

कार्डावर लिहिलं गेलं: नॉर्मल.

बसस्टॉपवर आबा खांबाला धरून बराच वेळ खोकले. तोंड पुसून म्हणाले, "बघितलंस? मशीनचा काटा मोडला असता."

"हो आबा," मी म्हणालो.

वैशाखात आम्ही लग्नाला गेलो. आमची जागा मंडपाबाहेर, जनरेटरशेजारी. अंतरपाट धरला गेला तेव्हा आबांनी सनई तोंडातून काढली. पत्ती लाल झाली होती. त्यांनी ती धोतराच्या सोग्याने पुसली. "पान खाल्लं होतं," म्हणाले. त्या दिवशी त्यांनी पान खाल्लं नव्हतं. त्यांनी सनई परत तोंडाला लावली. मी सूर धरून होतो. आत अक्षता पडल्या. मी सूर सोडला नाही. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बापाच्या तोंडातून रक्त येताना बघितलं आणि सूर सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात गेलो. एक्स-रे निघाला. टीबी. उजवं फुफ्फुस बरंचसं गेलेलं.

"आधी कुठं दाखवलं नाही?" डॉक्टरांनी विचारलं.

आबांनी खिशातून कार्ड काढलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. "दाखवलं ना साहेब. तिथं माझाच आकडा सगळ्यात वर होता."

डॉक्टरांनी कार्ड वाचलं, परत दिलं. मी खाली फरशीकडे बघत होतो.

औषधांनी आबा वाचले. सनई वाचली नाही. जिना चढताना तीन वेळा बसायचे. आमच्या संबळवाल्यालाही तोच आजार निघाला. आम्ही सगळे एकाच टेम्पोत दाटीवाटीने बसून लग्नांना जायचो, आणि आबा मधे बसून खोकायचे. मी तेव्हा खिडकीबाहेर बघायचो.

घरी भिंतीवर फोटो होता. आबा, नळी, फुगलेले गाल, मागे अध्यक्ष. शिबिरवाल्यांनीच फ्रेम करून दिला होता. आबांना तो आवडायचा.

तीनेक वर्षांनी पुन्हा निमंत्रण आलं. त्याच दोन सूचना. मी गेलो. उपाशीपोटी, आणि हात मोकळे ठेवून.

"सनई कुठाय?" अध्यक्ष दारातच म्हणाले. "पाहुणे निघालेत."

"घरी आहे. आधी तपासणी होऊ द्या."

"बापाचा मान राख जरा. इथंच टाळ्या घेतल्या होत्या त्यानं."

मी आत टेबलाशी गेलो. डॉक्टर बदलले होते, नळी तीच होती. मी म्हणालो, "यांना फुंकायला लावू नका. गालात हवा भरून आम्ही तुमचा काटा फसवतो. या सतरंजीवरच्या सगळ्यांचे एक्स-रे काढा."

अध्यक्ष मागून आले. "तू कधीपासून डॉक्टर झालास रे?"

"झालो नाही. मागच्या वेळी याच टेबलाशी खोटं बोललो. आबा खोकत होते. मॅडमनी विचारलं, तर मी नाही म्हणालो, वर विनोद केला. तुम्ही हसलात, त्यांचं कार्ड नॉर्मल झालं, आणि त्यांचं फुफ्फुस गेलं."

या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. पाहुणे आले होते. अध्यक्षांनी सतरंजीकडे बघून दाराच्या दिशेने नुसती मान हलवली. बँडवाले उठले, टोप्या घातल्या आणि दाराशी जाऊन वाजवायला लागले. हलगीवाले त्यांच्या मागून गेले. पेठचा पावरीवाला बसून राहिला. त्याने पावरी पिशवीत घातली आणि डॉक्टरांना म्हणाला, "आधी आमचं बघा. मंग वाजवू." दुसऱ्या ताफ्यातला एक संबळवाला त्याच्याजवळ सरकून बसला. डॉक्टरांनी थोडा वेळ बाहेरचा बँड ऐकला, मग नळी बाजूला ठेवून चिठ्ठ्या लिहायला घेतल्या. तीन जणांना, त्या दोघांना आणि मला. पाहुण्यांचं स्वागत मात्र व्यवस्थित झालं.

आबांना कळलं तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "चार माणसांत माझा दम खोटा पाडलास."

"हो आबा," मी म्हणालो. या वेळी खरं म्हणालो.

त्या रस्त्यावरच्या एकाही कार्यालयातून मला परत बोलावणं आलं नाही. मी कुणाच्या आगमनाला वाजवत नाही. दरवर्षी तुळशीच्या लग्नाआधी मी ओळखीतल्या वाजंत्र्यांना गोळा करतो आणि सरकारी दवाखान्यात नेतो. केसपेपरच्या रांगेत उभं राहतो. धंद्याच्या रकान्यात 'मजूर' लिहायला लागले, तर 'वाजंत्री' लिहा म्हणतो. भांडतो. तोवर चहाला गेलेले सगळे पुन्हा रांगेत येतात.

आत डॉक्टर विचारतात, खोकता का? आमचा माणूस म्हणतो, नाही. लग्नसराई तोंडावर आलेली असते, तो नाहीच म्हणणार. मी त्याच्या मागे उभा असतो. मी म्हणतो, "खोकतो. दोन महिने झाले. मी ऐकलंय."

तो बाहेर येऊन मला आईवरून शिव्या देतो. पुढच्या वेळी माझ्याबरोबर येणार नाही, म्हणतो. मी त्याच्या हातातली चिठ्ठी बघतो आणि त्याला एक्स-रेच्या खोलीपर्यंत नेऊन सोडतो. तो आत गेल्याशिवाय हलत नाही.