फळ्यावरचा माणूस एकटाच काहून आला?

मंडळी, हिंगोलीच्या सायबर कॅफेतून लिहितेय. बोटांना अजून खडू लागलेला आहे.

दाखल्यांचं सॉफ्टवेअर बनवण्याआधी आम्ही यूज केस काढतो, म्हणजे कोण येतं आणि त्याला काय काम करून हवं असतं, याचं साधं चित्र. आज तहसील कचेरीत फळ्यावर एक काड्यांचा माणूस काढला आणि खाली 'अर्जदार' लिहिलं.

तांड्यावरच्या जमनाबाई नातीच्या दाखल्यासाठी दारात थांबल्या होत्या. सोबत जाऊबाई, शेजारीण आणि तांड्याचे प्रमुख, म्हणजे नाईक. फळा बघून त्या म्हणाल्या, "ह्यो एकटाच काहून आला? ह्याला कुणीच न्हाई का?"

आम्ही सगळे हसलो. नाईक मात्र हसले नाहीत. "ताई, आमी कचेरीत एकटं येत न्हाई. बोलतो मी, अंगठा तिचा. मला खिडकीवरून हाकललं तर तिचं काम अडंल."

कचेरीतले साहेब कुरकुरले, "नियमात अर्जदार एकच." पण मग त्यांनीच खडू घेऊन शेजारी दुसरा माणूस काढला. खाली लिहिलं, 'सोबती'.

"आता बराबर!" जमनाबाई म्हणाल्या.

तुमच्या पहिल्या सरकारी कामाला सोबत कोण आलं होतं? त्या माणसाचं नाव कुठल्या कागदावर आहे का हो?