पेल्यावरचा हात

पाण्याचा पेला पुढे केला की काकू त्यावर अलगद तळहात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "नगं बाई, आत्ताच पिऊन आले." लिफ्ट बंद असताना भर मे महिन्यात जिने चढून आल्या, तरी हेच. तुमच्याही बिल्डिंगमध्ये अशी एखादी बाई असेल, जिच्यावाचून कुणाचं अडलेलं काम होत नाही आणि जिच्याबद्दल कुणालाच फारसं काही ठाऊक नसतं. कासारवाडीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये या काकू होत्या. मुलगा ताथवड्याला, त्या इथे एकट्या.

चाकणच्या एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर त्यांची नोकरी झाली होती. लाइन सोडायची तर बदली माणूस मागायचा, तोही पुरुष सुपरवायझरकडे. म्हणून सगळ्या बायका शिफ्टभर पाणीच प्यायच्या नाहीत. काकू हे हसत हसत सांगायच्या. "आमी उंट होतो उंट," म्हणायच्या, आणि आम्हीही हसायचो.

आमच्याकडे आल्या की दारापाशीच उभ्या राहायच्या. साडी नेहमी गडद रंगाची, अंगाला कापराचा वास. सोफ्यावर बसा म्हटलं तर म्हणायच्या, बसले की झोप लागती. बाई विक्षिप्त आहे, असं म्हणून मी विषय संपवला होता.

सासूबाईंना मात्र काकूंचं ते पाणी नाकारणं लागायचं. आम्ही मूळचे बीडकडचे. त्यांच्या गावात एखाद्या घरचं पाणी न घेण्याचा एकच अर्थ होता, आणि तो त्यांनी लहानपणी सोसलेला होता. काकू गेल्या की त्या तो पेला मोरीत ओतून टाकायच्या आणि तासभर कुणाशी बोलायच्या नाहीत.

माझ्या मुलीचं बारसं होतं. काकूंना मावळातले जुने पाळणे यायचे, म्हणून त्यांना आग्रहाने बोलावलं. एकामागून एक म्हणता म्हणता त्यांचा घसा बसला, ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंनी पेला पुढे केला. काकूंचा हात सवयीने त्यावर गेला.

सासूबाईंनी पेला मागे घेतला नाही. खोलीभर बायका असताना त्या म्हणाल्या, "आमच्या हातचं पानी चालत नाही का तुमाला?"

काकूंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी पेला घेतला, घटाघटा रिकामा केला, आणखी मागून घेतला आणि तोही संपवला. सासूबाईंचा चेहरा उजळला. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. कुणीतरी काकूंना हाताला धरून गादीवर बसवलं आणि बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. त्या एकदोनदा उठू पाहत होत्या. पण बाळ नुकतं झोपलेलं, बायका म्हणाल्या, राहू द्या हो, तुमच्याजवळ शांत आहे.

जेवणाची पानं घेईपर्यंत गादीवर ओल पसरली. बायका हसायला लागल्या. बाळानं काकूंना न्हाऊ घातलं म्हणाल्या, शुभ असतं म्हणाल्या. मी बाळाला उचललं. त्याला डायपर होता आणि तो कोरडा होता. मी हादरले, पण काही बोलले नाही. माझ्याशिवाय कुणाला कळलंही नसतं. काकूंनी नुसतं हसून निघून जायचं होतं.

त्या उठल्या. ओली साडी तशीच. सासूबाईंकडे बघून म्हणाल्या, "लेकरानं न्हाई केलं, ताई. मी केलं. तुमच्या हातचं पानी मला चालतं. अंगात राहत न्हाई, म्हणून कुणाकडंच पीत न्हाई."

आणि गेल्या.

संध्याकाळी सासूबाई न जेवता बसून होत्या. मी समजूत घालायला गेले, तर त्या म्हणाल्या, "मलाबी होतं ते. बाळंतपणापासून. मला तरी कळाया पायजे होतं."

दुसरा धक्का हा. सासूबाई रोज पहाटे स्वतःच्या साड्या हाताने धुवायच्या, मशीनमध्ये टाकू द्यायच्या नाहीत. मी त्याला त्यांची खोड समजत होते. एका घरात, एका मोरीत आम्ही इतकी वर्षं वावरलो होतो.

मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीण बाईंना यात नवल काहीच वाटलं नाही. व्यायाम शिकवले, गोळ्या दिल्या, पाणी तोडू नका म्हणाल्या. घरी परतताच सासूबाई काकूंच्या दारी गेल्या. दाराला कुलूप होतं. फोन लागत होता, कुणी उचलत नव्हतं.

पुढे एका रविवारी काकूंचा मुलगा सामान न्यायला आला. आई आता इकडे येणार नाही म्हणाला, का ते सांगत नाही म्हणाला. "तुमच्याकडं काही झालं का?" त्याने विचारलं. त्यालाही माहीत नव्हतं.

सासूबाई परक्या पुरुषासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाहीत. त्या दिवशीही पदर नीट केला आणि म्हणाल्या, "तुझ्या आईला लघवी थांबत नाही बाबा. मलाबी थांबत नाही. औषध हाय त्याला. घेऊन जा तिला." तो दाराच्या चौकटीला टेकून उभाच राहिला. त्याने नेलं की नाही, आम्हाला कळलेलं नाही. त्या घरात आता कुरुळीच्या कंपनीतली पोरं भाड्याने राहतात.

आमच्याकडे कुणी बाई पहिल्यांदा आली की सासूबाई स्वयंपाकघरात जाण्याआधी तिला सांगतात, बाथरूम डाव्या हाताला हाय, कडी नीट लागती. काही जणी माझ्याकडे चमकून बघतात. मग सासूबाई आत जाऊन पाणी आणतात.